कुमुदिनी ओळखायची कशी? पहिल्यांदा तळ्याकाठी जाणाऱ्यांसाठी

कास पठारावरच्या कुमुदिनी तळ्यावर मी पहिल्या वर्षी जे फोटो काढले, ते सगळे फुलांचे होते. पांढरी, झालरीची, मधे पिवळा ठिपका असलेली फुलं. चाळीसेक फोटो तरी असतील. घरी आल्यावर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या एका बाईंना ते मोठ्या हौसेने दाखवले. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले आणि एवढंच विचारलं, "अरे, पण फुलाचा देठ निघालाय कुठून?"

चाळीस फोटोंत एकातही ते दिसत नव्हतं. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा गेलो, तेव्हा फुलांकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. या लेखातला क्रमही तोच ठेवला आहे: आधी पान, मग पानाखालची गाठ आणि मग फूल. पहिल्यांदाच जाणार असाल, तर या क्रमाने बघा. फूल सुंदर आहे, पण फुलावरून ओळख पटवायला गेलं की माणूस हमखास फसतो.

निघण्याआधी: नावांचा गुंता

'कमळ' हा शब्द आपण मराठीत फार सढळ हाताने वापरतो. पाण्यावर गोल पान आणि त्याच्यावर फूल दिसलं, की झालं कमळ. खरं तर आपल्या तळ्यांत अशी तीन वेगवेगळी मंडळी असतात, आणि त्यांचं एकमेकांशी नातं जवळपास नाहीच.

पहिलं खरं कमळ, नेलुम्बो न्युसिफेरा. दुसरं कुमुद किंवा उत्पल, म्हणजे निम्फिया या प्रजातीतल्या (एका प्रजातीत अनेक जाती येतात) वनस्पती. फुलवाल्याकडे 'कमळ' म्हणून बऱ्याचदा हीच मिळतात. तिसरी आपली कुमुदिनी. तिचं शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. 'निम्फॉइडिस' म्हणजे निम्फियासारखी दिसणारी. फसगत अशी नावातच लिहून ठेवलेली आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला मेनिअँथिस इंडिका म्हटलं होतं. आजचं नाव कुंट्झे या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये दिलं. इंग्रजीत तिला वॉटर स्नोफ्लेक, म्हणजे पाण्यातला हिमकण, म्हणतात. फुलाकडे एकदा जवळून पाहिलं की हे नाव का पडलं असेल ते लगेच कळतं.

नात्यांची गंमत ऐकण्यासारखी आहे. कुमुद सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर अगदी बुडाशी फुटलेल्या फांदीवर बसतं. खरं कमळ तिथून फार लांब. त्याचे जवळचे नातलग चिनारासारखे जमिनीवरचे वृक्ष आहेत. आणि कुमुदिनी ज्या गणात मोडते त्याच गणात सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती येतात. म्हणजे तळ्यातली कुमुदिनी शेजारच्या कमळापेक्षा काठावरच्या, सूर्यफुलाच्याच कुळातल्या सोनकीला जवळची. तिघींनी पाण्यावर राहायचं ठरवलं आणि तिघींनाही गोल, सपाट पानच सोयीचं पडलं. दिसणं सारखं झालं ते त्यामुळे.

आणखी एक खुलासा आत्ताच करून टाकतो. संस्कृत काव्यात कमळ सूर्याला बघून उमलतं आणि कुमुदिनी चंद्राला बघून. ती कुमुदिनी म्हणजे रात्री फुलणारं पांढरं निम्फिया. आपल्याकडे आज कुमुदिनी म्हणून जी ओळखली जाते ती सकाळी उमलते आणि दुपार कलली की मिटते. चांदण्यात बघायला जायचा बेत एका मित्राने फार काव्यात्म होऊन आखला होता. तिथे त्याला बेडूक भेटले.

पहिली पायरी: कुठे आणि कधी

कुमुदिनीला संथ, उथळ, गोडं पाणी लागतं. खाली चिखल आणि वर मोकळं ऊन. वाहता ओढा किंवा दाट सावलीतला डोह तिला मानवत नाही. जगभरच्या उष्ण प्रदेशांत ती आहे, आणि महाराष्ट्रात सह्याद्रीच्या सड्यांवरच्या (खडकाळ पठारांवरच्या) तळ्यांपासून गावाबाहेरच्या जुन्या तलावांपर्यंत ती भेटू शकते. तेव्हा कासला जाता आलं नाही तर हळहळू नका. आधी आपल्या तालुक्यातलं, काँक्रीटने न बांधलेलं एखादं जुनं तळं गाठा.

कासचं म्हणाल तर ते साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. पठार जांभ्या दगडाचं. वर मातीचा थर अगदी पातळ, काही ठिकाणी नाहीच. पावसाचं पाणी खडकाच्या खोलगट भागांत साठतं आणि त्यातून लहानमोठी डबकी आणि तळी तयार होतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्रातल्या ४ आहेत: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. फुलांच्या हंगामात कासला रोज ठराविक लोकांनाच आत सोडतात, म्हणून आधी ऑनलाइन नोंदणी करून जा. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. कुमुदिनी तळं मुख्य रस्त्याला लागून नाही. राजमार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वाटेने तिथवर पायी जावं लागतं. ही पायपीट मला आवडते, कारण निम्मी गर्दी रस्त्याकडेच्या तेरड्यातच अडकून राहते.

महिना सप्टेंबर. पाऊस किती आणि कधी पडला त्यावर आठवडा-पंधरवडा मागेपुढे होतं, पण ऑगस्टची अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा धरून चालायचा काळ. महिन्यापेक्षाही वेळ महत्त्वाची. प्रत्येक फूल एकाच दिवसाचं असतं. सकाळी ऊन चढू लागलं की ते उघडतं आणि दुपारनंतर मिटायला लागतं ते कायमचंच. उद्या तिथे दिसेल ते दुसरं फूल. सकाळची नऊ ते बारा ही वेळ हाताशी ठेवा. दाट धुकं असेल तर फुलं उशिरा उघडतात. मग काठावर बसून डबा खाऊन घ्यावा, घाई करू नये. 'जेवून निघू, चारपर्यंत पोचू' असा बेत असेल, तर तुम्हाला फक्त पानं दिसतील. लेखाच्या क्रमाप्रमाणे तेही वाईट नाही म्हणा.

काय न्यायचं

फार काही नाही. १० पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, आणि असली तर दुर्बीण. पाण्यातल्या फुलापर्यंत आपण पोचत नाही, त्यामुळे इथे दुर्बिणीचा उपयोग भिंगापेक्षा जास्त. पकड असलेले बूट, कारण ओल्या जांभ्यावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि तो दिसत नाही. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. वही आणि शिसपेन्सिल. पावसात शाई फुटते.

दुसरी पायरी: काठावर थांबा

तळं दिसलं की पाय आपोआप पाण्याकडे धावतात. तळ्याच्या कडेपासून चार-पाच पावलं अलीकडे थांबा आणि खाली बघा. हा ओला पट्टा रिकामा नसतो. पांढऱ्या बटणांसारखे गेंद आणि निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे ताटवे तिथेच असतात. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. एका बुटाखाली अशी शंभरेक रोपं सहज येतात. म्हणून आधी उघडा खडक शोधायचा आणि त्यावरून पाण्याजवळ जायचं. खडक नसेल तर जिथे आधीपासून पायवाट पडली आहे तिथूनच जा, नवी पाडू नका.

पाण्यात उतरायचं नाही. मुद्दाम ठासून सांगतोय, कारण फोटोसाठी पोटरीभर पाण्यात गेलेली माणसं दर हंगामात दिसतात. चिखल ढवळला की पाणी गढूळ होतं, पानांवर गाळ बसतो, आणि तुम्ही ज्या दोऱ्यांमध्ये पाय घालता ती कुमुदिनीची खोडं असतात. एक खोड तुटलं की त्यावरचं पान आणि फुलांचा अख्खा झुबका गेला.

तिसरी पायरी: पान वाचा

आता बसा. उभं राहून पाण्याकडे पाहिलं तर आकाशाचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. बसल्यावर पानांच्या कडा दिसू लागतात.

पहिला प्रश्न: पानाला चीर आहे का? खऱ्या कमळाच्या पानाला चीर नसते. ते सलग गोल असतं, देठ बरोबर मधोमध खालून जोडलेला. जून पानं तर पाण्याच्या वर, हवेत छत्रीसारखी उभी असतात. पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा पळतो. कुमुद आणि कुमुदिनी या दोघींच्या पानाला मात्र एका बाजूने खोल चीर असते आणि पान पाण्यावर टेकलेलं असतं. चीर दिसली की कमळ बाद. पहिल्याच मिनिटात एक उमेदवार कमी झाला.

दुसरा प्रश्न: पानाची कड कशी आहे? दातेरी असेल तर बहुधा कुमुद, विशेषतः रात्री फुलणारी जात. तिची कड करवतीसारखी दिसते. कुमुदिनीच्या पानाची कड सरळ, गुळगुळीत. मात्र निळ्या फुलांच्या कुमुदाची कडही कधी जवळपास सरळ असते, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. कुमुदिनीचं पान जवळजवळ गोल, बुडाशी हृदयाच्या आकाराचं असतं. एकाच तळ्यात ते लिंबाएवढंही असतं आणि पसरलेल्या पंजाएवढंही. आकारमानावरून जात ठरवायची सवय लागली असेल तर ती इथेच सोडा.

वाऱ्याने एखादं पान उलटलं तर खालची बाजू बघून घ्या. ती बऱ्याचदा जांभळट असते. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांची श्वास घेण्याची छिद्रं वरच्या बाजूला असतात, कारण खाली हवा कुठून मिळणार? खोडात आणि देठात हवेच्या पोकळ्या असतात. पान तरंगतं ते त्यांच्यामुळे, आणि चिखलात रुतलेल्या मुळांपर्यंत हवाही त्याच वाटेने जाते.

चौथी पायरी: गाठ शोधा

बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. या पायरीवर हवा तितका वेळ घालवा, बाकीच्या पायऱ्या घाईत उरकल्या तरी चालतील.

कुमुदाचं फूल घ्या. त्याचा देठ थेट तळातून, चिखलातल्या कंदापासून निघतो. पानाचा देठही तिथूनच, पण वेगळा. फूल आणि पान शेजारी तरंगत असले तरी दोघांच्या दोऱ्या खालपर्यंत स्वतंत्र. एका देठावर एकच फूल.

कुमुदिनीचं तसं नाही. तिच्या पानाखाली, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, खोडाला एक गाठ असते. त्या गाठीतून फुलांचा झुबका निघतो. प्रत्येक फुलाला तीन ते पाच सेंटिमीटरचा बारीक देठ, आणि असे अनेक देठ एकाच जागेतून फुटलेले. म्हणून कुमुदिनीची फुलं नेहमी पानाच्या चिरेजवळ घोळक्याने उभी दिसतात; जणू पानानेच ती हातात धरली आहेत.

आता खरी मौज. तळातून जी लांब दोरी वर येते, ती आपल्याला पानाचा देठ वाटते. ती देठ नव्हे, ते खोड आहे. पानाचा खरा देठ म्हणजे गाठीपासून पानापर्यंतचा तुकडा, तोही जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा. एका खोडावर एक पान, आणि पानाखाली फुलोरा. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तळ्याचं चित्रच बदललं. इतकी वर्षं जी पानं सुटी वाटत होती, ती प्रत्येकी एक-एक फांदी निघाली.

गाठ दिसण्यासाठी युक्ती अशी: काठाजवळचं, पाणी नितळ असलेलं एक पान निवडा. सूर्य पाठीमागे घ्या, हाताने पाण्यावर सावली धरा आणि चिरेतून सरळ खाली बघा. कळ्यांचा पुंजका दिसेल. पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्याची चमक मरते आणि काम सोपं होतं. पान ओढून बघायचं नाही. एखाद्या वेळी म्हशीने तुडवलेलं, काठाला लागलेलं पान मिळतं. तेच हातात घेऊन गाठीवर भिंग धरा.

गाठीचं आणखी एक काम आहे. पान गाठीसकट तुटून वाहून गेलं, तर त्या गाठीला मुळं फुटू शकतात आणि नवं रोप उभं राहतं. कुमुदिनी बियांवाचूनही पसरते ती अशी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाचवी पायरी: आता फूल

फूल साधारण नाण्याएवढं. पाच पाकळ्या, कधी सहा-सात, क्वचित आठही. पांढऱ्या पाकळ्या, बुडाशी पिवळ्या. आणि पाकळ्यांच्या वरच्या बाजूवर दाट, पांढरे, मऊ केस. फक्त कडेला नव्हे, अख्ख्या पाकळीवर. दुरून झालर लावल्यासारखं वाटतं, भिंगाखाली मात्र बर्फाच्या भुग्यासारखं.

पुंकेसर मोजा. कमळात आणि कुमुदात ते ढीगभर असतात, मोजता मोजता कंटाळा येईल. कुमुदिनीत पाकळ्या जितक्या, तितकेच पुंकेसर; म्हणजे बहुतेक वेळा पाचच. शिवाय तिच्या पाकळ्या बुडाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. कमळाची पाकळी एकेक करून गळते. इथे फुलाचा पांढरा भाग गळलाच तर सगळा एकत्र.

पाकळीवर केस नसतील आणि मधोमध उभी, दुमडल्यासारखी पट्टी असेल, तर तुम्ही तिच्या बहिणीला भेटलात: निम्फॉइडिस क्रिस्टाटा. तीही आपल्याकडचीच. तिचं पानाखालच्या गाठीचं गणित हेच, म्हणून गाठ बघून प्रजाती कळते आणि पाकळी बघून जात. पिवळ्या फुलांच्या बहिणीही आहेत. काश्मीरच्या सरोवरांत दिसते ती निम्फॉइडिस पेल्टाटा त्यातलीच.

आणखी दोघांशी गल्लत होते. शिंगाड्याचं फूलही पांढरं, पण पाकळ्या चार, आणि पानं शंकरपाळ्याच्या आकाराची, दातेरी, गोल चकतीत मांडल्यासारखी. आणि जलपर्णी. तिचं फूल जांभळट, देठ फुगीर, पानं पाण्याच्या वर ताठ. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. ज्या तळ्यात ती माजली तिथे कुमुदिनीला ऊनच मिळत नाही. तळ्यात जलपर्णी दिसली तर वहीत तारखेसकट लिहा. पुढच्या वर्षी ती किती पसरली हे सांगणारं दुसरं कोणी नसतं.

सहावी पायरी: दोन तऱ्हेची फुलं

हा भाग नवख्यांसाठी जरा पुढचा आहे, पण मला तो सगळ्यात आवडतो, म्हणून गाळत नाही.

कुमुदिनीची सगळी रोपं सारखी नसतात. काहींच्या फुलात मधली स्त्रीकेसराची दांडी उंच आणि पुंकेसर खाली असतात. काहींत उलट: पुंकेसर वर आणि दांडी आखूड. एका रोपावर एकच तऱ्हा. उंच दांडीच्या फुलाला आखूड दांडीच्या फुलाचा पराग मिळाला, किंवा याच्या उलट झालं, की बी चांगलं धरतं. आपल्याच तऱ्हेच्या फुलाचा पराग फारसा उपयोगी पडत नाही. स्वतःशीच लग्न लागू नये म्हणून केलेली ही व्यवस्था. या दोन तऱ्हांच्या कोड्यावर डार्विनने वर्षानुवर्षं काम केलं आणि १८७७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

आता गाठीची गोष्ट आठवा. एकच रोप गाठीगाठीने पसरत सगळं तळं व्यापू शकतं. तसं झालं तर त्या तळ्यात फुलं हजारो, पण तऱ्हा एकच, आणि बी धरायची पंचाईत. बाहेरून बघणाऱ्याला तळं बहरलेलं दिसतं.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. काठाने फिरत, एकमेकांपासून लांब असलेल्या वीस फुलांचे बरोबर वरून आणि बाजूने फोटो काढा. घरी मोठे करून बघा: मध्यातून वर डोकावतंय ते दोन फाट्यांचं टोक आहे, की पिवळसर परागकोश? दोन रकाने आखा आणि रेघा मारत जा. वीसपैकी वीस एकाच रकान्यात पडले तर दुसऱ्या काठावरून पुन्हा वीस घ्या. शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन गेलात तर हे काम त्यांना द्या. मोजायला काहीतरी असलं की ती पाण्यात दगड मारत नाहीत.

सातवी पायरी: थांबा आणि पाहुणे बघा

एक झुबका निवडून अर्धा तास त्याच्यासमोर बसा. मधमाश्या येतील, बारीक माश्या येतील. चतुर पानावर विसावेल, पण त्याला फुलाशी देणंघेणं नाही, तो शिकारी आहे. पानांच्या खालच्या बाजूला गोगलगाईंची अंडी चिकटलेली असतात. त्याच झुबक्यात न उमललेल्या कळ्या, आजचं फूल आणि काल-परवा होऊन गेलेली फुलं एकत्र दिसतील. होऊन गेलेल्यांचे देठ वाकून पाण्याखाली गेलेले असतात. फळ तिथेच, पाण्यात पिकतं. छोटंसं बोंड, अर्ध्या सेंटिमीटरच्या आतलं, त्यात चकचकीत तपकिरी बिया. म्हणून कुमुदिनीचं फळ फार कमी लोकांनी पाहिलेलं असतं. ते फूल असलेल्या बाजूला शोधायचंच नसतं.

फोटो कसे काढाल

किमान चार हवेत. पानाचा वरून, चीर आणि कड दिसेल असा. गाठीचा, पाण्यातून जसा येईल तसा. फुलाचा बरोबर वरून, पुंकेसर मोजता येतील असा. आणि चौथा दुरून, आजूबाजूच्या पाण्यासकट. पांढरं फूल उन्हात फोटोत नुसता चुन्याचा ठिपका होतं आणि केस नाहीसे होतात, म्हणून मोबाइलवर फुलाला बोट लावून उजेड कमी करून घ्या. ढगाळ सकाळ मिळाली तर नशीब.

हे चार फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका. जाणकार माणसं तिथे नाव पडताळून देतात, आणि तारीख-ठिकाणासह तुमची नोंद कायम राहते. नुसत्या फुलाचा फोटो टाकलात, तर कोणीतरी तोच प्रश्न विचारेल. माझ्या अनुभवाने सांगतो.

घरी न्यायची का?

नाही. कासवर तर फूल तोडायलाच बंदी आहे, पण इतर तळ्यांतूनही उपटून आणू नका. हौस असेल तर पाणवनस्पती वाढवणाऱ्या रोपवाटिकेतून घ्या. पसरट टब, तळाशी चिकणमाती, वर वीतभर पाणी आणि दिवसभर ऊन एवढ्यावर ती जगते. पाण्यात गप्पी मासे सोडा, नाहीतर डास होतील. आणि टबात जास्त झालेली रोपं गावच्या ओढ्यात किंवा धरणात टाकू नका, ती देशी असली तरी. निम्फॉइडिस क्रिस्टाटा आपल्याकडे साधीसुधी पाणवनस्पती आहे. शोभेसाठी अमेरिकेत गेली आणि फ्लोरिडात कालव्यांचं पाणी झाकणारं तण होऊन बसली. तुटक्या गाठीला मुळं फुटतात हे तिथल्या लोकांना महागात पडलं.

नेमक्या जागी परत आणणं ही वेगळी गोष्ट. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या मालगुजारी तलावांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या लोकांनी बेशरम नावाचं माजलेलं झुडूप उपटून काढलं आणि नाहीशा झालेल्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण मासे अंडी घालतात ते त्यांच्या आडोशाला. त्यांना कुठली वनस्पती कुठल्या तलावात होती हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. आपण टब रिकामा करतो तेव्हा तसं काही ठाऊक नसतं.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, तळ्याचं नाव, आकाश कसं होतं. पाण्याची पातळी: काठावरच्या एखाद्या ठळक दगडाची खूण धरा आणि पाणी त्याच्या कुठवर आहे ते लिहा. फुलं किती वाजता उघडलेली दिसली, मिटायला कधी लागली. दोन रकान्यांतल्या रेघा. जमलं तर त्याच तळ्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा जा, आणि एकदा मार्चमध्येही जा. सड्यावरची उथळ डबकी तोवर आटलेली असतात. सप्टेंबरात जिथे पानांची गर्दी होती तिथे भेगाळलेला चिखल असतो. कुमुदिनी त्या चिखलाखाली पावसाची वाट बघत असते.

एक रकाना मात्र स्वतः भरू नका. त्यावर 'इथे काय म्हणतात' असं लिहून मोकळा ठेवा, आणि तळ्यावर म्हशी घेऊन येणाऱ्या कोणाला तरी पान दाखवून विचारा. फूल नको, पान दाखवा. म्हशी पानच खातात, त्यामुळे नाव बहुतेक पानाचं असतं.